जाणतेपणाची वाट

मुलांनो, जून महिन्यात शाळा सुरू होते. गेल्या वर्षीचा गणवेश तुम्ही अंगात घालून पाहता, तर बाह्या वर चढलेल्या असतात. बूट पायांत शिरत नाहीत. "बघता बघता किती उंच झालास!" असे आई म्हणते. भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि डोक्याजवळ पेन्सिलीने खूण केली, की ही वाढ चांगली मोजता येते.

पण माणसाची आणखी एक वाढ असते. ती मनाची वाढ. तिच्यासाठी भिंतीवर खूण करता येत नाही. लहानपणी आपल्याला वाटते, की मोठी माणसे कधी चुकत नाहीत. खऱ्याला नेहमी न्याय मिळतो. आपली आवडती माणसे कायम आपल्याजवळच राहणार आहेत. मग एखाद्या दिवशी असे काही घडते, की यांतली एखादी समजूत ढासळते. आपण गप्प होतो, विचार करू लागतो. त्या दिवसानंतर आपण पूर्वीइतके अजाण राहत नाही.

अजाण मुलाला आपण 'निरागस' म्हणतो. 'आगस' हा संस्कृत शब्द आहे. त्याचा अर्थ दोष किंवा अपराध. ज्याच्या मनात दोष नाही, ते निरागस. अशा मुलाला जगाची कटकट ठाऊक नसते, म्हणून त्याचा सर्वांवर विश्वास असतो. हे अजाणपण कधी ना कधी संपते. ते कसे संपते आणि त्याच्या जागी काय येते, हे सांगणाऱ्या पुष्कळ कादंबऱ्या आणि कथा लिहिल्या गेल्या आहेत. त्यांतल्या काही मुलांची आज आपण ओळख करून घेऊ आणि त्यांची एकमेकांशी तुलना करून पाहू.

पहिला मुलगा तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याचे नाव श्याम. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' हे पुस्तक लिहिले. कोकणातल्या आपल्या बालपणाच्या आठवणी त्यांनी त्यात गुंफल्या आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, म्हणून या पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे. अशा ४२ रात्री त्यात आहेत.

श्याम काही आदर्श मुलगा नव्हता. तो हट्ट करी, पाण्याला भिई, पोहायला जायचे म्हटले की लपून बसे. एकदा तर त्याने चोरीही केली. त्याला पुस्तके वाचून मोठे व्हायचे होते आणि पुस्तकांसाठी पैसे नव्हते. म्हणून त्याने दुसऱ्याचे पैसे घेतले. हेतू चांगला आहे, तेव्हा चोरी केली तरी चालेल, असे त्याला त्या क्षणी वाटले. पण आईच्या नजरेला नजर देण्याची वेळ आली, तेव्हा त्याचे मन त्याला खाऊ लागले. आपल्या हातूनही वाईट गोष्ट घडू शकते, हे त्या दिवशी श्यामला कळले. जगातला दोष कळण्याआधी त्याला स्वतःमधला दोष कळला.

पुढे त्याच्या घरावर कर्जाचा डोंगर झाला. सावकाराचा माणूस वसुलीसाठी दारात येऊन बसू लागला आणि आईला लागेल असे बोलू लागला. ज्या आईला श्याम सर्वांत थोर मानत होता, तिचा अपमान दुसरा कोणी करू शकतो, हे त्याला पाहावे लागले. शेवटी आई आजारी पडली. शिक्षणासाठी दूर राहिलेल्या श्यामला तिची शेवटची भेटही मिळाली नाही. एवढे सारे सोसूनही श्याम कडू झाला नाही. आईने दिलेली माया तो आयुष्यभर इतरांना वाटत राहिला.

दुसरा मुलगा कोल्हापूरजवळच्या कागल गावचा. त्याचे नाव आनंद. डॉ. आनंद यादव यांची 'झोंबी' ही कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली. तिला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखकाने आपल्याच बालपणावर ती लिहिली आहे. झोंबी म्हणजे झुंज. पैलवान आखाड्यात झोंबी घेतात. या मुलाने झोंबी घेतली ती शाळेत जाण्यासाठी!

तुम्हांला सकाळी उठून शाळेत जायचा कधी कधी कंटाळा येत असेल. आनंदाला मात्र शाळा हवी होती आणि ती त्याला मिळत नव्हती. वडिलांनी त्याचे नाव काढून त्याला शेतात राबायला लावले होते. पिकाला पाणी पाजणे, गुरे राखणे, शेणकूट करणे यांत त्याचा दिवस जाई. शेतात जन्मभर राबूनही हाती काही लागणार नाही, हे त्याला त्या वयातच कळले होते. शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे जवळ येतील, असे त्याला वाटे. पण वडिलांना हे सांगण्याची त्याची छाती होत नव्हती.

मग मुलाने आईला गाठले. दोघे मिळून गावातल्या दत्ताजीरावांकडे गेले. दत्ताजीरावांच्या शब्दाला गावात मान होता. त्यांनी आनंदाच्या वडिलांना बोलावून चांगले खडसावले. वडिलांनी परवानगी दिली, पण अटी घालूनच. शाळेच्या वेळेपर्यंत शेतात काम करायचे, शाळा सुटली की दप्तर घरी टाकून गुरे चारायला जायचे आणि शेतात कामाची घाई असली की शाळा बुडवायची. मुलाने साऱ्या अटी मान्य केल्या. मध्ये वर्षे गेल्यामुळे त्याला आपल्याहून लहान मुलांबरोबर बसावे लागले. वर्गातल्या एका खोडकर पोराने त्याच्या कपड्यांची टर उडवली. तरी तो शाळेत जात राहिला.

आनंदाचे अजाणपण कसे संपले, ते पाहा. बाप म्हणजे आधार, ही समजूत त्याला सोडून द्यावी लागली. स्वतःच्या बापाशी झगडूनच आपल्याला शिकायचे आहे, हे त्याला उमगले. हे कळणे फार दुखरे असते. पण त्याच शाळेत त्याला एक चांगली गोष्टही कळली. सौंदलगेकर मास्तर कविता फार छान शिकवत आणि स्वतःही कविता करत. कवी म्हणजे कोणी वेगळ्या जगातले लोक, असे आनंदाला तोवर वाटत होते. कवी आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो, हे मास्तरांना पाहून त्याच्या लक्षात आले. मग तोही गुरे राखताना कविता जुळवू लागला. कागद-पेन्सिल जवळ नसली, तर काटकीने म्हशीच्या पाठीवर किंवा खड्याने दगडावर ओळी लिहू लागला. एक समजूत मोडली, तेव्हा त्याला रडू आले. दुसरी मोडली, तेव्हा त्याच्यासाठी एक दार उघडले.

तिसरा मुलगा लंपन. प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या पुस्तकांतून तो आपल्याला भेटतो. ही एक सलग कादंबरी नाही. एकाच मुलाच्या कथांची ती माळ आहे. बेळगावकडच्या सीमाभागात मराठीला कानडीचा गोड हेल असतो. त्याच भागातल्या एका गावात लंपन आजी-आजोबांकडे राहतो. त्याचे आई-वडील दुसऱ्या गावी आहेत.

लंपनचे हाल होत नाहीत. आजी-आजोबा त्याच्यावर जीव टाकतात. सुमीसारखी मैत्रीण आहे. खेळ आहेत, शाळा आहे, गाणे आहे. तरीही आई आठवली, की त्याच्या पोटात कसेसे होते. एखादी गोष्ट फार मनाला भिडली, की तो तिला 'मॅड' म्हणतो, कारण तिला काय म्हणावे हेच त्याला ठाऊक नसते. तुमचेही असे होते ना? मनात खूप दाटून येते, पण नाव सापडत नाही. पुढच्या कथांत त्याला वडिलांच्या मृत्यूला सामोरे जावे लागते. लंपनवर कोणी अन्याय केलेला नाही. त्याला जाणते करतो तो दुरावा. सुखाच्या घरातही मुलाला एकटे वाटू शकते, हे लंपनमुळे आपल्याला कळते.

असाच एक मुलगा बंगालमध्ये आहे. त्याचे नाव अपू. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' या १९२९ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीतला हा मुलगा. पुढे सत्यजित राय यांनी तिच्यावर चित्रपट काढला. अपूला दुर्गा नावाची मोठी बहीण असते. दोघे रानोमाळ हिंडतात, फळे वेचतात, चिंचा-बोरांची वाटणी करतात. घरी गरिबी असते. दुर्गेवर शेजाऱ्यांची वस्तू चोरल्याचा आळ येतो आणि तिला मारही बसतो. पुढे तापाने दुर्गा जाते. काही काळानंतर ती चोरीची वस्तू अपूला घरातच सापडते. म्हणजे आळ खोटा नव्हता!

अपूने आता काय करावे? ती वस्तू आईला दाखवावी का? शेजाऱ्यांना परत करावी का? अपू ती कोणालाही न दाखवता दूर फेकून देतो. आपली ताई चुकली होती, हे त्याला कळले आहे. पण ताईची आठवण कोणी मलिन करू नये, असेही त्याला वाटते. अपूने केले ते योग्य की अयोग्य, यावर तुमच्या वर्गात दोन्ही बाजूंनी बोलता येईल. एक गोष्ट मात्र नक्की. त्या क्षणापर्यंत अपू धाकटा भाऊ होता. त्या क्षणी त्याने मोठ्या भावासारखी ताईची पाठराखण केली.

आता जरा दूरच्या देशात जाऊ. अमेरिकेतल्या हार्पर ली या लेखिकेची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली आली. तिची नायिका आहे स्काउट नावाची एक लहान मुलगी. गोष्ट सुरू होते, तेव्हा ती सहा वर्षांची असते. तिला जेम नावाचा मोठा भाऊ आहे. त्यांचे वडील ॲटिकस वकील आहेत. त्या काळी त्या भागात गोरे लोक काळ्या लोकांना कमी लेखत असत. टॉम रॉबिन्सन नावाच्या एका काळ्या माणसावर खोटा आरोप होतो. ॲटिकस त्याची बाजू मांडतात. टॉम निर्दोष आहे, हे न्यायालयात बसलेल्या मुलांनाही स्पष्ट दिसते. आता तो सुटणार, अशी जेमची खात्री असते. पण निकाल देणारे पंच टॉमलाच दोषी ठरवतात. जेमला रडू आवरत नाही.

जे खरे आहे ते सर्वांना दिसत असूनही मोठी माणसे खोट्याच्या बाजूने उभी राहतात, हे या भावंडांना त्या दिवशी कळले. मात्र त्यांना आणखीही एक गोष्ट कळायची होती. शेजारच्या घरात बू रॅडली नावाचा एक माणूस राही. तो कधी बाहेर पडत नसे. गावातली मुले त्याला राक्षसासारखा समजून भीत असत. मुलांच्या जिवावर बेतले, तेव्हा त्यांना वाचवायला हाच बू धावून आला. ज्यांना आपण चांगले समजतो, ते अन्याय करू शकतात. ज्याला आपण वाईट समजतो, तो चांगला असू शकतो. स्काउट या दोन्ही गोष्टी एकदमच शिकली.

आता नकाशा उघडा. मुंबईवर बोट ठेवा. अरबी समुद्रातून वायव्येकडे जा. होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून आखातात शिरा. आखाताच्या अगदी वरच्या टोकाशी कुवेत नावाचा छोटा देश दिसेल. कुवेत शहराला लागूनच शुवैख नावाचा भाग आहे. तेथे मोठे बंदर आहे. परदेशांतून येणारा माल या बंदरात उतरतो.

कुवेतचे आणि आपल्या किनाऱ्याचे नाते जुने आहे. तेल सापडण्यापूर्वी तेथील शिडाची जहाजे खजूर घेऊन मुंबईला येत आणि जहाजबांधणीसाठी मलबारचे लाकूड घेऊन जात. तेथील मोत्यांनाही मुंबईत गिऱ्हाईक होते. कुवेतमध्ये १९६१ सालापर्यंत रुपयाच चालत असे! त्या काळात कुवेतची लहान मुलेसुद्धा मोती काढणाऱ्या जहाजांवर कामाला जात. उन्हाळ्याचे महिने समुद्रावर काढत, मोठ्यांची पडेल ती कामे करत. बालपण कधी संपायचे, हे त्यांचे वय नव्हे, तर घरची परिस्थिती ठरवत असे. कागलच्या आनंदाची आठवण झाली ना?

पुढे १९३८ साली कुवेतच्या जमिनीखाली तेल सापडले. देश श्रीमंत झाला. कामासाठी अनेक देशांतून माणसे तेथे जाऊ लागली. आपल्या देशातूनही लाखो लोक गेले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. मग २ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या सैन्याने कुवेतवर हल्ला केला. भारतीय कुटुंबे तेथे अडकली. बसने, मोटारीने वाळवंट ओलांडत ती जॉर्डन देशातल्या अम्मान शहरी पोहोचली. तेथून एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणले. त्यांत तुमच्याएवढी कितीतरी मुले होती. त्यांचे घर, शाळा, मित्र, खेळणी सारे एका दिवसात मागे राहिले. मोठी माणसेही घाबरतात, हे त्या मुलांनी तेव्हा पाहिले. कादंबरीतल्या मुलांच्या वाट्याला जे येते, ते खऱ्या मुलांच्या वाट्यालाही कसे येते, याचे हे उदाहरण आहे.

याच कुवेतच्या एका लेखकाने आपल्या आजच्या विषयाला शोभेल अशी कादंबरी लिहिली आहे. लेखकाचे नाव सऊद अल-सनऊसी. कादंबरीचे नाव 'साक अल-बांबू', म्हणजे बांबूचा दांडा. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. २०१३ साली तिला अरबी कादंबरीसाठी दिला जाणारा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या कादंबरीच्या नायकाला दोन नावे आहेत. आईच्या देशात तो होसे. वडिलांच्या देशात तो ईसा. आई फिलिपिन्सची. ती कुवेतमधल्या एका श्रीमंत घरात कामाला होती. वडील त्याच घरातले. लोक काय म्हणतील, या भीतीने घरच्यांनी हे लग्न मानले नाही. आईला तान्ह्या बाळाला घेऊन आपल्या देशी परतावे लागले. तेथे मूल गरिबीत वाढू लागले. आई त्याला सांगे, "एक दिवस तू वडिलांच्या देशी जाशील. तेथे सुखच सुख आहे." मुलगा त्या स्वर्गाची स्वप्ने पाहत मोठा झाला. त्याचे वडील १९९० सालच्या त्या युद्धात मारले गेले.

तरुण झाल्यावर ईसा कुवेतला गेला. स्वप्नातला देश डोळ्यांपुढे होता. पण आजीने त्याला चारचौघांत नातू म्हणायचे नाकारले. चेहरा आईसारखा, म्हणून लोकही त्याला परका समजत. आजीच्याच घरात त्याला नोकरांच्या खोलीत राहावे लागले. स्वर्ग म्हणून सांगितलेली जागा स्वर्ग नव्हती. आणि आजी तरी निव्वळ दुष्ट होती का? तसेही नाही. तिला नातवाची माया होती, पण समाजाची भीती मायेपेक्षा मोठी ठरली. शेवटी ईसा फिलिपिन्सला परतला.

कादंबरीच्या नावाचा अर्थ आता पाहू. बांबूचा तुकडा तोडून कोणत्याही मातीत रोवला, की त्याला मुळे फुटतात. आपणही बांबूसारखे असतो तर किती बरे झाले असते, असे ईसाला वाटते. माणसाला मात्र नुसती माती पुरत नाही. "हा आपला आहे," असे म्हणणारी माणसे लागतात. तुमच्या वर्गात एखादा मुलगा दुसऱ्या राज्यातून नवा आला असेल. त्याची भाषा वेगळी असेल, डबाही वेगळा असेल. मधल्या सुट्टीत त्याला तुमच्याजवळ बसायला बोलावले, तर त्याची मुळे तुमच्या शाळेत रुजतील. हे काम कोणीही करू शकतो.

मुलांनो, आता या सर्वांची तुलना करू. तुलना करताना आधी साम्य पाहावे, मग फरक पाहावा. साम्य असे, की या सर्व मुलांची एकेक समजूत मोडली. कोणीही आपण होऊन जाणते झाले नाही. काहीतरी घडले आणि त्यांना व्हावे लागले. आणखी एक साम्य आहे. प्रत्येकाजवळ कोणीतरी होते. श्यामजवळ आई होती. आनंदाला आई होती, दत्ताजीराव होते, मास्तर होते. लंपनला आजी-आजोबा होते. स्काउटला वडील होते. जाणतेपणाची वाट अवघड असते. ती एकट्याने चालणे तर फारच अवघड.

आता फरक पाहा. श्यामला जाणते केले ते स्वतःच्या चुकीने आणि घरच्या दुःखाने. आनंदाला परिस्थितीने. लंपनला दुराव्याने आणि अपूला बहिणीच्या मृत्यूने. स्काउटला समाजातल्या अन्यायाने. ईसाला लोकांच्या परकेपणाने. आणि प्रत्येकाने केलेही वेगवेगळे. श्यामने चूक कबूल केली. आनंद झगडला. लंपनने सारे मनात साठवले. अपूने गुपित राखले. जेम रडला आणि स्काउट विचार करायला शिकली. ईसाने आपले घर कोठे आहे, ते स्वतः ठरवले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भाबडेपणा आणि चांगुलपणा हे दोन वेगवेगळे गुण आहेत. जग ठाऊक नसल्यामुळे सर्वांवर विश्वास ठेवणे म्हणजे भाबडेपणा. तो वयाबरोबर जातो आणि जायलाही हवा. कारण ज्याला अन्याय दिसतच नाही, तो अन्याय थांबवणार कसा? जग कसे आहे हे ठाऊक असूनही नीट वागणे म्हणजे चांगुलपणा. तो आपोआप येत नाही. तो आपल्याला निवडावा लागतो. काही माणसे दुःख सोसून कठोर होतात. "मला कोणी दया दाखवली नाही, मी का दाखवू?" असे म्हणतात. श्याम तसे म्हणाला नाही. आनंद यादव पुढे शिकून मराठीचे प्राध्यापक आणि नामवंत लेखक झाले आणि आपल्यासारख्या मुलांचे जगणे त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला सांगितले.

मात्र यावरून दुःख चांगले असते, असा अर्थ काढू नका. मुलाला शेतात राबवून शाळेपासून दूर ठेवणे तेव्हाही चूक होते, आजही चूक आहे. म्हणून तर आपल्या देशाने २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा केला. ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मोफत शिक्षण मिळायलाच हवे, असे हा कायदा सांगतो. आनंदाला ज्यासाठी झोंबी घ्यावी लागली, ते आज तुमच्या हक्काचे आहे. तुमच्या वस्तीत एखादे मूल शाळेत येत नसेल, तर बाईंना किंवा गुरुजींना अवश्य सांगा.

आणि तुमच्याही मनावर कधी एखाद्या गोष्टीचे ओझे आले, तर ते एकट्याने वाहू नका. घरात भांडण झाले असेल, कोणी दुखावले असेल, आवडते माणूस गेले असेल. विश्वासाच्या मोठ्या माणसाजवळ बसा आणि बोला. रडू आले, तर रडा. रडल्याने कोणी लहान होत नाही. बोलायला शब्द सापडत नसतील, तर लंपनसारखे 'मॅड' म्हटले, तरी चालेल.

पुस्तकांचा एक मोठा उपयोग येथेच होतो. आपल्याला जे वाटते, ते जगात दुसऱ्या कोणालाही वाटत नसेल, असे आपण समजतो. मग एखाद्या पुस्तकात पालगडचा, कागलचा किंवा कुवेतला गेलेला एखादा मुलगा भेटतो आणि त्याच्याही मनात अगदी तेच असते. शाळेच्या ग्रंथालयात 'श्यामची आई' नक्की असेल. आज तेथून सुरुवात करा. बाकीची पुस्तके तुमची वाट पाहत आहेत. तुम्ही मोठे व्हाल, तशी ती एकेक करून हाती घ्या.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'निरागस' या शब्दातील 'आगस' म्हणजे काय?
(आ) 'श्यामची आई' या पुस्तकातील प्रकरणांना 'रात्र' का म्हणतात?
(इ) शुवैख हा भाग कोणत्या देशात आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आनंदाच्या वडिलांनी शाळेसाठी कोणत्या अटी घातल्या?
(आ) बू रॅडलीमुळे स्काउटला काय कळले?
(इ) ईसाला आपण बांबूसारखे असावे, असे का वाटते?

प्र. ३. भाबडेपणा आणि चांगुलपणा यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. वर्गात चर्चा करा : अपूने सापडलेली वस्तू फेकून दिली, हे योग्य केले का?

प्र. ५. या पाठातील कोणतीही दोन मुले निवडा. त्यांच्यातील एक साम्य आणि एक फरक लिहा.